जिना नसलेलं गाव

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून केंटच्या किनाऱ्याकडे निघालेली गाडी हर्न बे मागे टाकते आणि थोड्या वेळाने बर्चिंग्टनला थांबते. गाव समुद्राला लागून असलं तरी स्टेशनातून बाहेर पडल्यावर डोळ्यांत भरतात ती घरं. बसकी, एकमजली, पुढे हातभर बाग आणि नीट कापलेलं कुंपण. वस्ती सुमारे दहा हजार, आणि तिच्यात पिकल्या केसांची माणसं लक्षात येण्याइतकी जास्त. नोकरी संपली, मुलं आपापल्या वाटेला लागली, लंडनकडचं घर विकलं आणि इथे येऊन राहिलं, अशी कहाणी इथे घरोघरी सापडेल.

हे गाव पहिल्यापासून पेन्शनरांचं नव्हतं. ऑल सेंट्स चर्च तेराव्या शतकातलं, भोवती शेती. किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्रशेवाळ खत म्हणून शेतात टाकायची थॅनेट या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी रीत होती. थॅनेटचा किनारा चोरट्या मालासाठीही बदनाम होता. जवळच्या मारगेटला लंडनची गर्दी बोटीने लोटायची, तेव्हाही बर्चिंग्टनकडे कुणी वळून पाहत नव्हतं. १८६३ साली रेल्वे आली आणि चित्र पालटलं.

पैसेवाल्या लंडनकरांना समुद्राची हवा हवी होती, मारगेटची जत्रा नको होती. जमीन घेणाऱ्या दलालांनी आणि वास्तुकारांनी हे बरोबर हेरलं. जॉन टेलर नावाच्या वास्तुकाराने १८६९ साली शेजारच्या वेस्टगेटला एक नवाच प्रकार उभा केला. घर एकाच मजल्याचं, खोल्या ऐसपैस, पुढे समुद्राकडे तोंड केलेली ओसरी. त्याने त्याला बंगला म्हटलं. पुढच्या दोन-चार वर्षांत त्याने बर्चिंग्टनच्या कड्यावर असे आणखी बंगले बांधले. इंग्लंडमधली बंगल्यांची पहिली वसाहत म्हणून स्थापत्याचे इतिहासकार याच जागेकडे बोट दाखवतात.

बंगला मुळात आपल्याकडचा. बंगालच्या खेड्यातलं उतरत्या छपराचं कुडाचं घर कंपनीच्या गोऱ्यांनी उचललं, त्याला ओसरी जोडली आणि छावण्यांमधून देशभर नेलं. पुण्याच्या लष्कर भागातले जुने बंगले त्याच वंशावळीतले. तिथून तो प्रकार केंटच्या थंड वाऱ्यात येऊन बसला तेव्हा उन्हापासून बचाव हा मूळ हेतू उरलाच नव्हता. उन्हाचं तर दुर्भिक्ष! टेलरची खरी काळजी ओलीची होती. भिंतीतून चढणारी ओल अडवण्याची युक्ती आणि छपराची कौलं यांची पेटंटं त्याच्या नावावर होती. समुद्रकाठच्या घरात ओल हा काय प्रकार असतो, हे मालवण-रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको.

टेलरच्या वेस्टगेटच्या पहिल्या गिऱ्हाइकांत इरॅस्मस विल्सन होते. त्वचारोगांचे नामांकित डॉक्टर, आंघोळीचे आणि स्वच्छतेचे कट्टर पुरस्कर्ते. इजिप्तमधला ‘क्लिओपात्राज नीडल’ हा स्तंभ लंडनला आणण्याचा खर्च ज्यांनी उचलला, तेच हे गृहस्थ. एवढ्या बड्या डॉक्टरने या किनाऱ्यावर घर घेतलं म्हणजे हवा चांगलीच असणार, असा हिशेब लोकांनी केला. अशी जाहिरात पैसे टाकूनही मिळाली नसती. विल्सन १८८४ साली वेस्टगेटलाच वारले.

टेलरनंतर बर्चिंग्टनला आलेल्या जॉन सेडन या वास्तुकाराने १८८० च्या सुमारास बंगल्यांना मनोरे जोडले. हे ‘टॉवर बंगलो’ आजही उभे आहेत. त्यांच्या आवारातल्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर ओल्या गिलाव्यात कोरून काढलेली चित्रपट्टी आहे: गुबगुबीत पोरं, कामात आणि खेळात रमलेली. हे काम जॉर्ज फ्रॅम्प्टन या तरुणाचं. पुढे लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला पीटर पॅनचा पुतळा त्यानेच घडवला. काही बंगल्यांमधून खडूचा कडा पोखरून थेट वाळूवर उतरणारे खासगी बोगदे काढले होते. समुद्रावर जायचं, पण शेजाऱ्याच्या नजरेस पडायचं नाही! एकांताची एवढी चैन मुंबईच्या शेटियांनीही अलिबागला केली नसेल.

याच वसाहतीतल्या एका लाकडी बंगल्यात १८८२ च्या फेब्रुवारीत कवी आणि चित्रकार डान्टे गॅब्रिएल रोझेटी आला. प्रकृती पार ढासळलेली. वय ५३ च होतं, पण क्लोरल या झोपेच्या औषधाने आणि दारूने शरीर पोखरलं होतं. बंगला मित्रामार्फत वापरायला मिळालेला. आई आणि बहीण ख्रिस्तीना, तीही कवयित्री, शुश्रूषेला येऊन राहिल्या. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, तो गेला. थोरामोठ्यांना लंडनच्या नावाजलेल्या दफनभूमीत नेण्याचा तो काळ, पण त्याला इथेच ऑल सेंट्सच्या आवारात पुरलं. थडग्यावरचा क्रूस त्याचा चित्रकार मित्र फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने रेखला. आईने चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवून घेतली, तिच्या एका भागाला रोझेटीच्याच चित्राचा आधार आहे. तो लाकडी बंगला मात्र पुढे पाडला गेला. समुद्रकाठी हवापालटाला यावं आणि तिथेच देह ठेवावा, हा या किनाऱ्याचा पुढचा शिरस्ता रोझेटीपासून सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

श्रीमंतांच्या सुट्टीचं हे घर पेन्शनरांच्या हाती गेलं ते पहिल्या महायुद्धानंतर. १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग सरकारी पेन्शन मिळू लागलं होतं, पण त्यात बंगला येत नव्हता. घेणारे निराळे होते: कारकून, शिक्षक, दुकान विकून मोकळे झालेले व्यापारी, हिंदुस्थानातून परतलेले अधिकारी. समुद्रकाठची जमीन स्वस्त, एकमजली घर बांधायला सोपं, आणि मुख्य म्हणजे गुडघ्यांना जिना नाही. आपल्याकडे बंगला म्हटला की वरचा मजला आणि गच्ची हवीच. इथे मात्र जिना नसणं हाच विकण्याचा मुद्दा ठरला. पुण्याला पेन्शनरांचं शहर म्हणत, ते हवेमुळे आणि पाण्यामुळे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला तसा लौकिक मिळाला त्यात या बसक्या घरांचा वाटा मोठा.

या धंद्यात लबाडीही भरपूर झाली. ससेक्सच्या कड्यावर चार्ल्स नेव्हिल याने १९१६ साली आपल्या नव्या वसाहतीला नाव सुचवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि हजारो स्पर्धकांना उत्तेजनार्थ ‘फुकट’ भूखंड देऊ केले. अट एवढीच की कागदपत्रांसाठी तीन गिनी भरायच्या. ‘डेली एक्स्प्रेस’शी झालेलं त्याचं भांडण कोर्टात गेलं. खटला वर्षानुवर्षं गाजत राहिला आणि पीसहेवन ही वसाहत घरोघरी माहीत झाली. नेव्हिलला आणखी काय हवं होतं!

बंगल्यांची रांग किनाऱ्याने पसरत गेली तशी सुशिक्षितांनी नाकं मुरडली. १९२६ साली ग्रामीण इंग्लंडच्या रक्षणासाठी संस्था निघाली, १९२८ साली वास्तुकार क्लफ विल्यम्स-एलिसने या पसरणाऱ्या बांधकामाला आपल्या पुस्तकाच्या नावातच ऑक्टोपस म्हटलं, आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने मनमानी बांधकामाला लगाम घातला. टीका अगदीच खोटी नव्हती. पण टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांना सत्तरीत जिना चढायला नोकर होते, हेही नोंदवून ठेवायला हवं.

बर्चिंग्टन त्यातून शाबूत राहिलं, वाढत मात्र गेलं. २०२० साली मंजूर झालेल्या थॅनेटच्या विकास आराखड्यात गावालगतच्या शेतजमिनीवर १,६०० नव्या घरांची तरतूद आहे. गावात तिला जोरदार विरोध झाला: रस्ते अरुंद, दवाखाने आधीच भरलेले, शेती जाणार. मुद्दे रास्त आहेत. मात्र विरोध करणाऱ्यांतल्या अनेकांची घरंही कधीकाळी शेतावरच उभी राहिली होती.