मशागत आणि राखण : मराठी ख्रिस्ती परंपरेतील सृष्टिधर्म

हैदराबादेतील आमच्या वस्तीचे नाव नल्लकुंटा. तेलुगूत ‘कुंट’ म्हणजे लहान तळे व ‘नल्ल’ म्हणजे काळे. ज्यांच्या नावांत तळे राहिले आणि भोवती घरांची दाटी झाली, अशी स्थळे ह्या शहरात थोडी नाहीत. शेजारच्या अंबरपेठेतील बतुकम्मा कुंटा हे बुजलेले तळे 2025 साली पुन्हा मोकळे करण्यात आले, तेव्हा गेलेले पाणी परत आणता येते, हे तरी ध्यानी आले. परंतु पाणी जाऊ न देणे हे कोणाचे कर्तव्य? शासनाचे तर आहेच. धर्मसंस्थेचेही ते आहे काय? ख्रिस्ती समाजापुरता ह्या प्रश्नाचा विचार करू लागलो, की मराठी प्रदेशाचा इतिहास आपल्याला फार मोलाची साक्ष देतो.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ ह्या पहिल्याच ग्रंथात मानव आणि सृष्टी यांचे नाते दोन प्रकारे सांगितले आहे. पहिल्या अध्यायात मानवाला इतर जीवांवर सत्ता दिली आहे. दुसऱ्या अध्यायात त्याला एदेन बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीसाठी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, त्याचा ‘सेवा करणे’ असाही अर्थ होतो. 1967 साली लिन व्हाइट ह्या अमेरिकन इतिहासकाराने असा आरोप केला, की निसर्गाच्या आजच्या दुर्दशेचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातील ह्या सत्तेच्या कल्पनेत आहे. तथापि त्याच निबंधाच्या शेवटी त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसकडे बोट दाखविले; आणि 1979 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ह्या संताला पर्यावरणाच्या उपासकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. पुढे 2015 साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक निघाले. म्हणजे सत्तेचा अध्याय मागे पडून बागेचा अध्याय पुढे येण्यास युरोपात बराच काळ लागला.

मराठीत मात्र ख्रिस्ती वाणीचा आरंभच सृष्टीच्या कौतुकाने झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात मराठी भाषेची थोरवी सांगताना ह्या इंग्रज जेज्वीताने फुले, वृक्ष व पक्षी यांचीही उपमाने योजली. विल्यम कॅरीने 1805 साली मराठीचे व्याकरण व 1810 साली कोश छापला, हे आपण शिकवितो. पण त्याच कॅरीने 1820 साली कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापली, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तर फुलामुलांचे कवी म्हणूनच रसिकांच्या मनात राहिले आहेत.

परंतु स्तवन ही एक गोष्ट आणि कर्तव्य ही दुसरी. फुलाचे गीत गाणारा समाज फुलाच्या मुळाशी पाणी राहावे म्हणून झटतो की नाही, ही खरी कसोटी होय. ती कसोटी वसईत लागली.

वसईचा किनारी पट्टा हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने उभा राहिलेला बागायती मुलूख. केळी, विड्याची पाने, भाजीपाला आणि मुंबईच्या बाजारी जाणारी फुले ही तेथील लक्ष्मी. तिचा आधार म्हणजे विहिरी आणि ‘बावखल’ नावाची खोदीव तळी. पावसाचे पाणी बावखलात साठते, जमिनीत मुरते, आणि भूगर्भातील गोड्या पाण्याचा हा साठा समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतो. उपसा मुरण्याहून अधिक झाला, की खारे पाणी आत शिरते. आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. 1988 साली हरित पट्ट्यातील फार मोठे क्षेत्र शासनाने बांधकामास खुले केले आणि नव्या वसाहतींसाठी गावच्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बरोबरीने अन्य धर्मीय वसईकरही त्यात उतरले. 1983 ते 2007 ह्या काळात दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते.

धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, मोर्चात कशाला यावे, असा आक्षेप येथे सहज सुचतो. आमच्या मते त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या पाण्याने बाप्तिस्मा द्यावयाचा, ते पाणीच खारे होत असता धर्मगुरूने स्वस्थ बसणे ही उपासना नव्हे. अधिक अवघड आक्षेप दुसराच आहे. पाणी नेणारे परके असतील. पण आपल्या विहिरीचे पाणी आणि वाडवडिलांची वाडी विकणारे हात स्थानिकच होते. शत्रू वेशीबाहेर असतो तोवर लढा सोपा. तो आपल्याच बाकावर येऊन प्रार्थनेला बसतो, तेव्हा धर्मसंस्थेच्या वाणीची परीक्षा होते. शिवाय आपल्या वाडीचे रक्षण हा धर्म की हितसंबंध, हेही विचारलेच पाहिजे.

ह्या शेवटच्या शंकेचे उत्तर नगर जिल्ह्यात सापडते. 1948 साली स्वित्झर्लंडहून भारतात आलेल्या फादर हर्मन बाकर ह्या जेज्वीताने तेथील अवर्षणग्रस्त गावांत पाणलोट विकासाचे काम उभे केले, आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासमवेत ‘वॉटर’ ही संस्था स्थापली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्या कामाचे ख्यातनाम उदाहरण. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणावयाचे, झाडे लावावयाची, मोकळी चराई व कुऱ्हाड बंद ठेवावयाची आणि श्रमदानाचा वाटा गावाने उचलावयाचा, अशी ही रीत. गावाचा धर्म कोणता हे तेथे विचारले गेले नाही. जमीन दुसऱ्याची, विहीर दुसऱ्याची, उपासनाही दुसऱ्याची. येथे हितसंबंधाचा संशय उरत नाही.

वसईने राखण केली, नगरने मशागत केली. एदेन बागेतील दोन्ही कामे ह्या रीतीने मराठी भूमीत झाली. आणि एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. केवळ राखण करणारा समाज कुंपणातला होतो. केवळ मशागत करणारा आपल्या घामाचे फळ दुसऱ्याला लुटू देतो.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे 1956 पर्यंत आमच्याच हैदराबाद राज्यात असलेल्या गावी, दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै 2024 मध्ये ते निवर्तले. त्यांचे स्मरण भाषणांनी होईल, त्याहून अधिक ते प्रत्येक चर्चच्या आवारातील विहिरीने होईल. ती उपसली जाते किती आणि भरली जाते किती, ह्याचा हिशेब वर्षातून एकदा मंडळीपुढे वाचला जावा. दानपेटीचा हिशेब जसा वाचतात तसाच. आणि आम्हां शिक्षकांनी नल्लकुंट्याच्या मुलाला त्याच्या वस्तीच्या नावाचा अर्थ तरी अवश्य सांगावा. जे होते हे ठाऊक नाही, त्याची राखण कोण करणार?