हनुवटीची निळाई

बालगंधर्वांच्या शालूंवर, अत्तरांवर, त्यांच्या त्या लाघवी ‘देवा’ या हाकेवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्यांच्या हनुवटीवर लिहिलेलं काही माझ्या वाचनात नाही. माझं पोट चेहरे रंगवण्यावर चालतं, त्यामुळे जुन्या स्त्रीपार्ट्यांचा, म्हणजे बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांचा, फोटो हाती आला की माझी नजर नथीवर किंवा बुगडीवर जात नाही. ती आधी वरच्या ओठावर जाते, मग जबड्याच्या कडेवर.

दाढी कितीही घोटून केली तरी केस कापला जातो तो कातडीच्या वर. त्याचं बूड आत राहतं आणि आतलं काळं बाहेरून काळं दिसत नाही, निळसर दिसतं. गोंदण काजळाचं असून हिरवं दिसतं, तोच प्रकार. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर ही झाक राखी-हिरवट होते. नवशिक्या पोरगा घाबरून त्यावर सरळ सफेदा फासतो. सफेदा त्या निळ्यात मिसळून आणखी राखट होतो आणि सीता आठ दिवस तापाने फणफणल्यासारखी दिसते.

माझे काका वेंगुर्ल्याकडे दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. देवळाच्या मागच्या पडवीत पेटाऱ्यावर आरसा टेकवून ते स्वतःच स्वतःला रंगवायचे, दशावतारात प्रत्येक जण तेच करतो. पहिल्यांदा त्यांनी मला हाताशी बसवलं तेव्हा म्हणाले, “पयलो तांबडो लाय, मगे पांढरो. नायतर मडा दिसतलंस.” म्हणजे कसं, तर दाढी आधी सुलट, मग उलट्या हाताने. तुरटी फिरवायची. खोबरेल तेलाचं बोट. मग तेलात कालवलेली पिंजर, अगदी नखावर मावेल एवढी, फक्त निळं दिसतं तेवढ्यावरच, म्हणजे ओठाच्या वर, हनुवटीवर आणि गळ्याच्या घाटीपर्यंत. चोळायची नाही, बोटाच्या टोकाने थापायची. त्यावर सफेदा आणि पिवडीचं मिश्रण, तेही थापून, आणि शेवटी पावडर. तांबड्याने निळं मरतं. काका शाळा चौथीत सोडून आलेले, रंगचक्र वगैरे त्यांनी ऐकलेलंही नव्हतं. मुंबईत आल्यावर मी परदेशी कंपनीचा नारिंगी करेक्टर विकत घेतला. मलमाच्या एवढ्याशा डबीची किंमत वाचून मला काकांची पिंजर आठवली.

जुन्या पेटाऱ्यांत याहून वाईट माल असे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. मुरदाडशिंग म्हणजे शिसं. जुना सफेदाही शिशाचा, जस्ताचा सफेदा नंतर आला. रात्रभर ते तोंडावर, पहाटे तेल लावून पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तेही नुकताच वस्तरा फिरलेल्या कातडीवर. कला जगवणाऱ्यांची कातडी कशी जळली याचा हिशोब कोणत्याही नाट्यसंमेलनात मांडलेला मी ऐकला नाही.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून बायकांची कामं पुरुषच करत आले. कंपन्यांची नजर पोरांवर असायची, गळा गोड आणि गाल कोवळे. पण गाजलेला नट मिसरूड फुटलं म्हणून कोण सोडून देणार? किर्लोस्कर मंडळीत 1882 साली आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा म्हणून गाजले आणि पुढे त्यांनी पुरुषभूमिका घेतल्या. बहुतेकांची वाट अशीच होती. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 साली त्याच मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. 1911 साली भामिनी, 1916 साली रुक्मिणी, 1919 साली ‘एकच प्याला’तली सिंधू. सिंधूच्या वेळी वय एकतिशीचं. एकतिशीच्या पुरुषाची दाढी काय असते हे मी रोज बघतो.

तरी लोकांना ती दिसली नाही. यात भक्तीचा वाटा असेल, पण मी धंद्यातला माणूस, मी आधी दिवे बघतो. तेलाचा दिवा, गॅसबत्ती, सुरुवातीचे विजेचे मंद बल्ब, सगळ्यांचा उजेड पिवळा. पिवळ्या उजेडात निळं असतंच कमी, म्हणून निळी झाक आपोआप मरते. त्यात पायदिवे खालून. वरून उजेड पडला तर ओठाखाली आणि हनुवटीखाली सावली साचते, खालून पडला तर ती धुऊन निघते. प्रेक्षक वीस-पंचवीस हातांवर. आणि नथ! नथीचे मोती वरच्या ओठावर नेमके तिथे झुलतात जिथे मिशीचे खुंट सगळ्यांत दाट असतात. दागिना म्हणून तिचं कौतुक झालं, माझ्या लेखी ती अर्धी रंगभूषा आहे.

खरी पंचाईत वेळेची. संगीत नाटक रात्री सुरू होऊन ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं. केस दिवसाला तिसरा-चौथा हिस्सा मिलिमीटर तरी वाढतो, म्हणजे पाचव्या अंकात नायिकेची दाढी पहिल्या अंकातल्यापेक्षा मोठी. त्यात घाम. आमच्याकडे ‘बेस फुटला’ म्हणतात, तो आधी फुटतो वरच्या ओठावरच. तिथे पुसून चालत नाही, पुसलं की तांबडं वर येतं. टिपकागदासारखं काहीतरी दाबून घाम उचलायचा आणि पावडर मारायची, बस्स.

फोटोंचं वेगळं. त्या काळच्या स्त्रीपार्ट्यांचे फोटो आज गुळगुळीत दिसतात त्याचं श्रेय रंगपटाला देऊ नका. काचेच्या निगेटिव्हवर गालाचा काळा भाग पारदर्शक उमटतो. स्टुडिओतला रिटच करणारा बारीक टोकाची पेन्सिल घेऊन त्या पारदर्शक ठिपक्यांवर बारीक बारीक रेघा भरायचा. जिथे पेन्सिल, तिथून उजेड कमी जाणार आणि छापात ती जागा उजळ येणार. म्हणजे कागदावरची दाढी वस्तऱ्याने नाही, शिसपेन्सिलीने काढलेली आहे. भिंगाखाली धरला तर एखाद्या जुन्या फोटोत गालाचा पोत आणि हनुवटीचा पोत वेगळा दिसतो.

सिनेमाने मात्र हे सगळं उलटंपालटं केलं. दादासाहेब फाळक्यांना 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. बाई तर नाहीच, पण पुरुषही मिशी काढायला तयार होईनात, कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर. शेवटी ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तयार झाले. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. आता गंमत बघा. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल ते तिला काळं दिसायचं. ज्या तांबड्याने रंगमंचावर दाढी लपते, तेच तांबडं जरा जरी वरच्या थरातून डोकावलं तर पडद्यावर दाढी काढून ठेवतं. शिवाय चित्रीकरण दिवसाउजेडी, सूर्यासमोर. पायदिवे नाहीत, पिवळेपणा नाही, वीस-पंचवीस हातांचं अंतर नाही. 1913 सालीच फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांना उभं केलं, यात मला तरी नवल वाटत नाही. याच कमलाबाईंनी पुढे रंगभूमीवर पुरुषांची कामंही केली. त्यांचा रंगपट आमच्या उलट: आम्ही दाढी मिटवत होतो, त्यांना ती आणायची होती.

स्त्रिया रंगभूमीवर आल्या म्हणून स्त्रीपार्टी गेले, असं सरसकट सांगितलं जातं. हिराबाई बडोदेकर आल्या, 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आल्या, हे खरंच. पण माझ्या मते निम्मं काम कॅमेऱ्याने आधीच केलं होतं. प्रेक्षकाची नजर जवळून चेहरा बघायला शिकली. बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ केला, तो लोकांना रुचला नाही कारण ते गंधर्वांना पुरुषवेषात बघायला तयार नव्हते. मग 1937 साली मीराबाई म्हणून ते कॅमेऱ्यासमोर आले, एकोणपन्नाशीत, आणि तोही चित्रपट पडला. नाटकात मात्र तोच चेहरा पुढेही चालत राहिला. चेहरा एकच, अंतर वेगळं. विष्णुपंत पागनीस शहाणे म्हणायचे: स्त्रीपार्टात नाव काढलं आणि 1936 साली मिशी लावून ‘संत तुकाराम’ झाले. आज त्यांचं नाव घेतलं की तीच मिशी आठवते.

माझ्याकडे आता नाटकवाल्यांपेक्षा वेगळीही माणसं शिकायला येतात. पारलिंगी मुली येतात, त्यांना रात्रीपुरतं नको असतं, सकाळी नऊच्या लोकलला आणि ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली टिकणारं हवं असतं. हे रंगमंचापेक्षा अवघड, कारण समोरचा माणूस दोन हातांवर. थर जितका जाड तितकी चोरी पकडली जाते. मी त्यांना सांगतो, लाल-नारिंगी फक्त निळ्यावर, कडेला शून्य. वर स्वतःच्या रंगाचा पातळ बेस, दोनदा थापून. पावडर ब्रशने नाही, पफने दाबून. आणि दाढी केल्यावर कातडीला थोडा दम घेऊ द्या. एकीने सांगितलं की महागड्या डबीऐवजी ती विटकरी लिपस्टिक वापरते. वापरावी, उत्तम चालते.

कोकणात स्त्रीपार्ट अजून पुरुषच करतात आणि जत्रेत पालखी फिरून झाली की दशावतार उभा राहतो. फक्त आता वर पांढरे एलईडी आहेत आणि समोर दीडशे मोबाइल. त्या निळसर पांढऱ्या उजेडात काकांचं मिश्रण पार उघडं पडतं, म्हणून मी पोरांना पिवडी वाढवून तांबडं जरा जास्त घ्यायला सांगतो. मागच्या हंगामात दिवेवाल्याला म्हटलं, पुढच्या दोन दिव्यांना तरी पिवळा कागद लाव. तो म्हणाला, व्हिडिओ पिवळा येतो, लोक बोंबलतात. शेवटी एकाला लावला.