राजपुरुषाचे वर्तन आणि राजपत्रातील कायदे : बेर्लुस्कोनीकालीन इटली

अथेन्सच्या आल्किबिआदीसने सत्तर मीना मोजून एक देखणा कुत्रा विकत घेतला आणि त्याचे सुंदर शेपूट कापून टाकले. सारे नगर त्याला नावे ठेवू लागले. मित्रांनी ही गोष्ट कानावर घातली तेव्हा तो हसला. अथेन्सवासीयांनी याविषयीच बोलत राहावे अशी आपली इच्छा आहे, म्हणजे ते याहून वाईट काही बोलणार नाहीत, असे त्याचे उत्तर होते. ही कथा सांगणारा प्लूटार्क आल्किबिआदीसनंतर सुमारे पाचशे वर्षांनी झाला, तेव्हा तिचे ऐतिहासिक मूल्य बेताचेच. तथापि वादग्रस्त पुढाऱ्याच्या वर्तनामुळे अप्रिय कायद्यांवरचे लोकांचे लक्ष उडते, हा सिद्धान्त जेव्हा जेव्हा मांडला जातो तेव्हा त्याच्या बुडाशी हीच कल्पना असते : पुढारी धूर्त, लोक भोळे आणि शेपूट मुद्दाम कापलेले. इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी (१९३६-२०२३) यांच्या कारकीर्दीला, विशेषतः तिच्या २००१ ते २००६ या भागास, हा सिद्धान्त लावून त्यातील कोणता अंश टिकतो हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

२००१ मध्ये बेर्लुस्कोनी दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले तेव्हा देशातील तीन प्रमुख खासगी दूरचित्रवाहिन्या त्यांच्या मालकीच्या होत्या आणि त्यांच्यावर अनेक फौजदारी खटले चालू होते. २६ सप्टेंबर २००१ रोजी बर्लिन येथे त्यांनी पाश्चात्त्य संस्कृती इस्लामी संस्कृतीहून श्रेष्ठ असल्याचे उद्गार काढले. न्यूयॉर्कवरील हल्ल्यास जेमतेम पंधरा दिवस झाले होते. जगभर गदारोळ उडाला. आता त्याच पंधरवड्याचे इटलीचे राजपत्र उघडावे. ३ ऑक्टोबरच्या कायद्याने कंपन्यांच्या खोट्या हिशेबांविषयीची शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ५ ऑक्टोबरच्या कायद्याने परदेशांतून, म्हणजे व्यवहारतः स्वित्झर्लंडमधील बँकांकडून, येणारी कागदपत्रे पुराव्यात दाखल करण्याच्या अटी कडक झाल्या, आणि त्या चालू खटल्यांनाही लागू करण्यात आल्या.

२००३ मध्येही हेच दिसते. २० जून रोजी राष्ट्रपती, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष, पंतप्रधान आणि संविधान न्यायालयाचे अध्यक्ष या पाच पदाधिकाऱ्यांवरील खटले त्यांच्या अधिकारकाळात स्थगित ठेवणारा कायदा झाला. पाचांपैकी खटला कोणावर चालू होता, हे सांगावयास नको. बाराच दिवसांनी, २ जुलैला, युरोपीय संसदेत मार्टिन शुल्झ या जर्मन सभासदाने हितसंबंधांच्या संघर्षाचा प्रश्न उपस्थित केला असता, नाझी छळछावण्यांवरील एका चित्रपटात मुकादम-कैद्याच्या भूमिकेसाठी आपण त्यांचे नाव सुचवू, असे बेर्लुस्कोनी म्हणाले. पुढे त्यांच्याच एका उपमंत्र्याने जर्मन प्रवाशांची कुचेष्टा केली आणि जर्मन चान्सेलर श्रोडर यांनी आपला इटलीतील सुट्टीचा बेत रद्द केला. शुल्झ यांनी विचारलेला मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

येथवर दोन्ही दिनावल्या शेजारी ठेवल्या की सिद्धान्त जवळजवळ सिद्ध झाल्यासारखा वाटतो, आणि अभ्यासकाने सावध व्हावयाचे ते नेमके येथेच. कायद्यांच्या तारखा खटल्यांच्या गरजेने ठरत होत्या, असे मानण्यास जागा आहे. पण बर्लिनमधील किंवा स्ट्रासबर्गमधील उद्गार त्या तारखांकडे पाहून काढले गेले, असे दाखविणारा पुरावा नाही. असे उद्गार बेर्लुस्कोनी बारमाही काढीत असत, पुढे विधेयक असो वा नसो. ज्या राजवटीत वादग्रस्त वचने आणि वादग्रस्त कायदे या दोहोंचाही सुकाळ असतो, तीत कोणत्याही वचनाशेजारी एखादा कायदा सापडणारच. हेतू सिद्ध होत नाही. परिणाम मात्र नाकारता येत नाही. पुढाऱ्याच्या असभ्य वचनावर मत बनविण्यास क्षण पुरतो. नफ्याच्या किती टक्क्यांपर्यंतची तफावत दंडनीय नाही, हे सांगणारे कलम समजून घेण्यास सायंकाळ खर्ची पडते. विरोधी पक्ष व वृत्तपत्रे यांनी बहुधा सोपे काम पत्करले. तेव्हा दोषाचा काही वाटा त्यांच्याकडेही जातो. सारे पुढाऱ्याच्या धूर्तपणावर ढकलणे हा त्याचा अकारण गौरवच होय.

लोक सर्वथा भोळे होते, हेही खरे नाही. १४ सप्टेंबर २००२ रोजी रोममध्ये चित्रपट-दिग्दर्शक नान्नी मोरेत्ती प्रभृतींच्या पुढाकाराने प्रचंड सभा भरली, ती खटले दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करणे सुलभ करणाऱ्या विधेयकाच्या विरोधात. विधेयक नोव्हेंबरात संमत झाले, ते लोकांच्या डोळ्यांसमोर, संसदेतील बहुमताच्या बळावर. तिसऱ्या कारकीर्दीत, २०१० मध्ये, दूरध्वनी-संभाषणांच्या प्रसिद्धीवर बंधने घालणारे विधेयक आले तेव्हा ‘ला रेपुब्ब्लिका’ने आपले मुखपृष्ठ जवळजवळ कोरे सोडले आणि ९ जुलैस पत्रकारांनी संप केला, ते विधेयक अखेर बारगळले. वृत्तपत्रांच्या स्वतःच्या अंगावर बेतले तेव्हा त्यांचे लक्ष कशानेही विचलित झाले नाही, ही गोष्ट टिपून ठेवण्याजोगी आहे.

जे कायदे अडले ते बहुतांशी रुक्ष, संथ संस्थांमुळे. दूरचित्रवाणीविषयक गास्पारी विधेयक राष्ट्रपती चांपी यांनी १५ डिसेंबर २००३ रोजी संसदेकडे परत धाडले. सरकारने वटहुकूम काढून पंतप्रधानांच्या मालकीची एक वाहिनी तगवून धरली आणि विधेयक थोड्या फेरफारांनिशी मे २००४ मध्ये कायदा झाले. पाच पदाधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संविधान न्यायालयाने १३ जानेवारी २००४ च्या निर्णयाने रद्द केला. त्याच महिन्यात बेर्लुस्कोनींनी डोळ्यांभोवती शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या वार्तेने वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्याच धर्तीचा दुसरा कायदा २००८ मध्ये करण्यात आला, तोही त्या न्यायालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये रद्द ठरविला. परदेशी कागदपत्रांविषयीच्या कायद्याचा न्यायाधीशांनी असा अर्थ लावला की त्याची धार बव्हंशी बोथट झाली.

खोट्या हिशेबांविषयीच्या सुधारणेची गत निराळी. एप्रिल २००२ मध्ये ती अमलात आली आणि तिच्या वाटेत कोणी आले नाही. सप्टेंबर २००५ मध्ये मिलान येथील न्यायालयाने खोट्या हिशेबांच्या एका खटल्यातून बेर्लुस्कोनींना मुक्त केले. कारण दिले ते असे की, आरोपातील कृत्य आता कायद्याने गुन्हा राहिलेले नाही.