आजीची क्रीम: औषध की सौंदर्यप्रसाधन?

किल्लारीच्या घरी आजीच्या फडताळात विको टर्मरिकची ट्यूब असायची. आजीसाठी ते औषध, माझ्यासाठी नुसती क्रीम. नोकरीला लागल्यावर कळलं, आमचा हा वाद सर्वोच्च न्यायालयातही लढला गेलाय.

केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत विको सुरू केली. सत्तरच्या दशकात हळदीचा अर्क आणि चंदनतेल असलेली ही क्रीम आली. अबकारी खातं म्हणालं, हे सौंदर्यप्रसाधन, कर जास्त भरा. कंपनी म्हणाली, आयुर्वेदिक औषध. भांडण २००४ पर्यंत चाललं, कंपनी जिंकली. अशा खटल्यांत कसोट्या दोन: घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत का, आणि सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो. म्हणजे आजीचं मत कायद्यातही मोजलं जातं!

पण निकाल कराचा होता. आपल्या त्वचेला काय मानवेल, हे त्यातून कळत नाही. म्हणून कुठलीही क्रीम घेताना खोका उलटा करून बघा. २०२० च्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांवर १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पुढे मोठ्या अक्षरात हळद आणि मागच्या यादीत ती अगदी शेवटी? मग आपण पैसे कशाचे देतोय, ते कळतं.