ॲग्रोबॅक्टेरियमद्वारे होणाऱ्या जनुक स्थानांतरणावरील तापमानाचा परिणाम

ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स हा मातीत आढळणारा जिवाणू आहे. तो आपल्या प्लाझ्मिडमधील टी-डीएनए हा तुकडा वनस्पतीच्या पेशीत पोहोचवतो. निसर्गात यामुळे खोडावर गाठी येतात. प्रयोगशाळेत गाठ आणणारी जनुके काढून त्यांच्या जागी उपयुक्त जनुके बसवली जातात. हे स्थानांतरण तापमानाला अत्यंत संवेदनशील आहे. जिवाणूची वाढ सुमारे २८ अंश सेल्सियसला सर्वोत्तम होते, मात्र स्थानांतरण बहुधा त्याहून कमी तापमानात अधिक चांगले होते.

इतिहास

१९४० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ आर्मिन ब्राऊन यांनी सदाफुलीवर प्रयोग केले. सुमारे ४६ अंश तापमानात जिवाणू मरतात, पण सदाफुली तग धरते. जिवाणू नष्ट झाल्यावरही गाठी वाढत राहिल्याने, रोगाचे कारण पेशीत आधीच पोहोचलेले असते, हे दिसून आले. गाठ सुरू होण्याची प्रक्रिया ३२ अंशांच्या वर घडत नाही, असेही त्यांना आढळले. हे कारण म्हणजे टी-डीएनए होय, हे १९७७ मध्ये स्पष्ट झाले.

यंत्रणा

जखमी वनस्पतीतून स्रवणारी ॲसिटोसिरिंगोनसारखी फिनॉलवर्गीय रसायने ओळखून जिवाणूतील विरए हे प्रथिन 'विर' जनुकांना चालना देते. ३२ अंशांच्या वर विरएचे कार्य बिघडते. टी-डीएनए वाहून नेणारी यंत्रणा विरबी व विरडी४ या प्रथिनांची बनलेली असते. तिचा भाग असलेले केसासारखे तंतू १९ अंशांना तयार होतात, तर २८ अंशांना ते जवळजवळ आढळत नाहीत. त्यामुळे २८ अंशांना जिवाणू जोमाने वाढत असूनही स्थानांतरण मंदावते.

प्रयोगशाळेतील वापर

ऊतीचे तुकडे व जिवाणू दोन-तीन दिवस एकत्र ठेवण्याच्या टप्प्यास सहसंवर्धन म्हणतात. तंबाखू व टेपरी घेवडा यांवरील १९९७ मधील बेल्जियन अभ्यासात २२ अंशांना स्थानांतरण सर्वाधिक होते. २५ अंशांना ते घटले व २९ अंशांना आढळले नाही. मक्यासाठी सुमारे २० अंश तापमान वापरले जाते. योग्य तापमान पीक, वाण व जिवाणूच्या प्रभेदानुसार बदलते. याउलट भात व मका यांच्या अपक्व भ्रूणांना जिवाणू लावण्यापूर्वी थोडा वेळ उष्णता दिल्यास कार्यक्षमता वाढते. येथे उष्णता जिवाणूला नव्हे, तर वनस्पतीच्या ऊतीला दिली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसातील मॉन ५३१ हा जनुकबदल अमेरिकेत 'कोकर ३१२' या वाणात ॲग्रोबॅक्टेरियमद्वारे केला गेला. जालना येथील महिको कंपनीने तो संकराने भारतीय वाणांत आणला. याच कंपनीने ॲग्रोबॅक्टेरियमच्या साहाय्याने बीटी वांगे विकसित केले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच्या लागवडीस स्थगिती दिली.

धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या मराठवाड्यातील गावांत उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. अशा प्रदेशात सहसंवर्धनासाठी केवळ उष्णता देणारे उबवणी यंत्र पुरेसे नसते. शीतकरणाची सोय असलेले यंत्र व अखंडित वीजपुरवठा लागतो. शेतातील तापमानाचा मात्र या टप्प्याशी संबंध नाही. स्थानांतरण प्रयोगशाळेत एकदाच होते आणि नंतर ते जनुक बियाण्यातून पुढील पिढीत जाते.

हे सुद्धा पहा

बीटी कापूस
ऊती संवर्धन
जनुकीय अभियांत्रिकी