बॅटरी कशाने गेली

दुकानात शिरणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य इतक्या वर्षांत बदललेलं नाही: "इन्व्हर्टर चार्जच होत नाही." बदलत गेलं ते कारण. जुनी बॅटरी समोर आली, झाकणं उघडून आत बघितलं, ॲसिडची ग्रॅव्हिटी (म्हणजे दाटपणा) घेतली, की ती कशाने गेली हे कळतं. आणि कशाने गेली हे कळलं की कुठल्या काळात गेली हेही बरंचसं कळतं. आमच्या विचुंब्यात विजेचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. मला जो थोडाफार ठाऊक आहे तो या मेलेल्या बॅटऱ्यांवरून.

विचुंबे म्हणजे गाढी नदीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे न्यू पनवेल. सिडको १९७० साली आली आणि पलीकडे सेक्टर पडले. अलीकडे भातखाचरं, आगरी वस्ती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आता इथेही इमारतीला इमारत लागली आहे आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना'च्या नकाशात गाव कधीच जाऊन बसलं आहे. वीज मात्र या जिल्ह्याला नवी नव्हती. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२चं, भिऱ्याचं १९२७चं. तिन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. पाणी सह्याद्रीचं, उतार आमचा आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना. १९८२ साली शेजारी उरणला गॅसवर चालणारं वीजकेंद्र आलं. म्हणजे चहूबाजूंनी वीज तयार होते आणि मधल्या गावात आजी कंदिलाची काच राखेने पुसते, असा तो प्रकार. तक्रार नाही करत. विजेच्या तारा कुणाच्या डोक्यावरून जातात आणि कुणाच्या घरात उतरतात, हे कारखाने ठरवतात, गावं नाही.

बॅटरी गावात इन्व्हर्टरच्या कितीतरी आधी आली. ती आली हळदीसाठी. आगऱ्यांची हळद म्हणजे रात्रभराचं काम. लाइटच्या भरवशावर कोण राहील? अहुजाचा अँप्लिफायर बारा व्होल्टवरही चालायचा. टेम्पोची नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी काढून मांडवात आणायची, दोन चिमटे लावायचे, की कर्णा सुरू. दुसऱ्या दिवशी टेम्पो ढकलस्टार्ट. मग २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर 'रामायण' लागलं आणि बॅटरीला रविवार सकाळचं काम मिळालं. छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या मागे बारा व्होल्टचं भोक असायचं. ज्याच्याकडे टीव्ही आणि बॅटरी दोन्ही, त्याच्या ओटीवर अर्धा पाडा.

मी तेव्हा पनवेलला एका चार्जिंगच्या दुकानात हाताखाली होतो. भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर बॅटऱ्या ओळीने, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला. शेवटी रेक्टिफायर आणि करंट आवरायला मोठ्या बल्बांची रांग. रात्रभर सगळ्या हळूहळू उकळायच्या. उकळायच्या म्हणजे गरम पाण्यासारख्या नव्हे; चार्ज पूर्ण होत आला की पाण्यातून वायूचे बुडबुडे सुटतात, त्याला आम्ही उकळणं म्हणतो. तो वास घशात बसायचा. सुती शर्टाला ॲसिडचा थेंब लागला तर तेव्हा काहीच दिसायचं नाही. धुवायला टाकला की भोकं. उस्तादाचं एकच सांगणं होतं: करंट कमी, वेळ जास्त. ज्या बॅटरीला सकाळपर्यंत थांबायला मिळालं ती टिकली. जिला गिऱ्हाइकाने घाई करून दोन तासांत नेलं ती परत आली. पुढच्या सगळ्या वर्षांत मला याहून मोठं तंत्र कुणी शिकवलं नाही.

घरचा इन्व्हर्टर नव्वदीत दिसायला लागला. पहिले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कुणीतरी जुळवलेले लोखंडी डबे. पंखा लावला की घूंऽऽ असा आवाज, ट्यूब फडफडायची. डॉक्टर, दुकानदार, एखादा निवृत्त मास्तर, एवढ्यांकडेच. बाकीच्यांना तो चोचला वाटायचा.

चोचल्याची गरज कशी झाली ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९च्या मे महिन्यात सुरू झाला. वीज परवडेना, वाद विकोपाला गेला आणि २००१च्या मे महिन्यात तो बंदही पडला. मागणी वाढत राहिली, नवी वीजकेंद्रं त्या वेगाने उभी राहिली नाहीत. २००५च्या ६ जूनला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण झाल्या. तुटवडा मात्र कुणाच्याच वाटणीला गेला नाही, तो सगळ्यांचा राहिला. ऐन मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉट कमी पडायचे. मग भारनियमन. गळती आणि वसुली बघून फीडरांचे गट पाडले. ज्याची गळती जास्त त्याचा अंधार जास्त. पुण्याने २००६ साली उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांचा आधार घेऊन आपल्यापुरती सोडवणूक करून घेतली. बाकीच्यांनी इन्व्हर्टर घेतले.

त्या वर्षांत मी जेवायला वेळेवर घरी गेलेलो नाही. धंदा झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच वर्षांत बॅटऱ्या भराभर मेल्या. हिशेब साधा होता आणि विकताना तो कुणी सांगत नव्हतं. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी. तिच्यावर दोन पंखे, दोन ट्यूब आणि जुना डबा टीव्ही. तीन तासांत शंभराच्या आसपास अँपिअर-तास खल्लास. ते परत भरायला दहा-बारा अँपिअरने दहा-बारा तास सलग लाइट हवी. इथे सकाळी गेली, दुपारी आली, संध्याकाळी पुन्हा गेली. रोज घेतलं जास्त, दिलं कमी. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट पांढरं धरतं, आधी मऊ, मग कडक. कडक झालं की चार्जिंग आत शिरतच नाही. मीटर लावला तर व्होल्टेज झपकन पंधरा-सोळावर चढतं, इन्व्हर्टर समजतो बॅटरी भरली. लाइट गेली की पाच मिनिटांत टूं-टूं. घरातली म्हातारी वैतागून म्हणायची, "तुजा डबा नुसता बोंबलतो, उजेड काय देत नाय."

आणखी एक गंमत, जी माझ्या फार उशिरा लक्षात आली असं नाही, पण सांगून काही उपयोगही नव्हता. बॅटरीत घातलेली सगळी वीज परत मिळत नाही. चार्ज करताना आणि परत काढताना मिळून चांगला तिसरा हिस्सा उष्णतेत जातो. लाइट आली की गावातले सारे इन्व्हर्टर एकदम ओढायला लागायचे. तुटवड्यावर उपाय म्हणून घेतलेलं यंत्र तुटवडा वाढवत होतं. ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही त्याच्या घरातला बल्ब त्या वेळी पिवळा पडायचा.

२६ जुलै २००५चा पूरही बॅटऱ्यांवर दिसला. गाढीचं पाणी घरांत शिरलं, जमिनीवर ठेवलेल्या बॅटऱ्या बुडाल्या, चिखल आत गेला. त्यानंतर आमच्या भागात इन्व्हर्टर उंचावर ठेवायची पद्धत पडली. आजही जुन्या घरांत तो माळ्याजवळच्या फळीवर दिसेल. नव्या फ्लॅटमधल्या लोकांना हे माहीत नाही. ते चपलांच्या कपाटात ठेवतात आणि मग तिथे वारा लागत नाही म्हणून तो तापतो.

२०१२ संपेपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करू, असा शब्द सरकारने दिला होता. ज्या गटांची गळती जास्त त्यांचं भारनियमन नंतरही चालू राहिलं, पण आमच्याकडचं वेळापत्रक विरत गेलं. मग आला कमी व्होल्टेजचा काळ. बैठी घरं गेली, चार मजली इमारती आल्या, एसी आले, डीपी पूर्वीचीच. मे महिन्यात रात्री आठला मीटर लावा, १६५, १७०. या काळातल्या तक्रारीत बॅटरीचा काहीच दोष नसायचा. इन्व्हर्टरच्या मागे एक बारकं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. कॉम्प्युटर सांभाळायचा म्हणून यूपीएसवर ठेवलं, तर साधारण १८०च्या खालचं व्होल्टेज इन्व्हर्टर वीज म्हणून मोजतच नाही. घरात लाइट आहे, दिवे लागलेत, आणि हा पठ्ठ्या बॅटरीवर चालतोय. चार्जिंग नाहीच, उलट खर्च. बटण नॉर्मलवर सरकवलं की शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत घेतो. एवढ्यासाठी लोकांनी नव्या बॅटऱ्या घेतल्या आहेत, आणि विकणाऱ्यांनी न बोलता दिल्याही आहेत.

आणि आता? आता लाइट फारशी जात नाही. लॉकडाऊनमध्ये घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप आणि राउटरसाठी इन्व्हर्टर घेतले. एरवी नव्या सोसायट्यांत तो फ्लॅटबरोबर आलेला, नाहीतर सासऱ्यांनी दिलेला. वर्षाचे अकरा महिने त्याला काम नाही. हल्लीच्या बॅटऱ्या कामाने मरत नाहीत, दुर्लक्षाने मरतात. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला, संध्याकाळी तार तुटली आणि रात्री फोन. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं. मे महिनाभर साताऱ्याकडे गावी गेलेलं. जाताना घराचा मेन स्विच बंद केला, इन्व्हर्टर मात्र चालूच ठेवला. देवघरातला झीरोचा दिवा त्याच्यावर. दिवा जळत राहिला, बॅटरी रिकामी होत राहिली.

मी आधी बॅटरीला हात लावत नाही. पाठीमागचं काळं रिसेट बटण बघतो. ते बाहेर आलेलं असेल तर आत लाइट पोचतच नाही. इथे आत होतं. मग टर्मिनल. प्लसवर हिरवट-पांढरं मीठ फुललेलं, नट हाताने फिरत होता. गरम पाणी ओतून साफ केलं, घट्ट केलं, पेट्रोलियम जेली लावली. मीटर लावला: साडेआठ व्होल्ट. लाइट आल्यावर पुन्हा बघितलं: तेवढंच. चार्जर सुरू असता तर काटा साडेतेराच्या पुढे हळूहळू सरकायला हवा. बॅटरी इतकी खाली गेली की बरेच इन्व्हर्टर तिला ओळखतच नाहीत; समोर बॅटरी जोडलेलीच नाही असं समजून गप्प बसतात. बाई म्हणाल्या, "काका, इन्व्हर्टरच गेला ना?" म्हटलं, थांबा. सहाही झाकणं काढली. पाणी प्लेटांच्या खाली. डिस्टिल्ड वॉटर घातलं, बॅटरी दुकानात आणली आणि जुन्या पद्धतीने, कमी करंटवर, रात्रभर आणि दुसरा दिवसभर ठेवली. पाच खणांची ग्रॅव्हिटी बाराशे वीस-तीसपर्यंत आली. सहावा अकराशेवर अडकला आणि तिथेच राहिला. एक खण गेला की बॅटरी गेली. सुटा खण आताच्या बॅटरीत बदलता येत नाही. इन्व्हर्टर मात्र धडधाकट. अशा वेळी काही कारागीर त्या खणात ॲसिड ओततात, की काटा वर येतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि दोन महिन्यांत प्लेटा झडतात. मी ते करत नाही.

त्या जोडप्याने नवी बॅटरी घेतली. जुनी कुठे जाते, हे विचारणारे ते विरळाच. आपल्याच तालुक्यात, तळोज्याला, बॅटरीचा मोठा कारखाना आहे. आधी स्टँडर्ड बॅटरीजचा होता, १९९८ साली एक्साइडने घेतला. जुनी बॅटरी परत घेणं २००१च्या नियमांनी विक्रेत्यावर बंधनकारक केलं होतं, आणि २०२२च्या नव्या नियमांनी ती गोळा करून पुन्हा शिसं काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. शिसं पुन्हा वापरता येतं म्हणून तर जुन्या बॅटरीला पैसे मिळतात. पण भंगारवाला दारात येतो आणि म्हणतो, ॲसिड ओतून द्या, मग वजन करू. ते ओततात मोरीत नाहीतर नाल्यात, आणि आमच्याकडचा नाला गाढीतच जातो.

तेव्हा मे संपायच्या आत झाकणं उघडून पाणी बघा. गावी जाताना इन्व्हर्टरचं बटणही बंद करा. आणि जुनी बॅटरी द्यायचीच असेल तर आतल्या ॲसिडसकट, जशी आहे तशी, विक्रेत्याकडे द्या आणि पावती मागून घ्या.