पोफळीची रात्रपाळी

1967 सालच्या डिसेंबरची 11 तारीख, सोमवार. पहाटेचे चार वाजून गेलेत आणि तुम्ही सह्याद्रीच्या पोटात उभे आहात. पोफळीच्या भूमिगत वीजघराच्या बोगद्यातून आत शिरलात तशी मार्गशीर्षातली थंडी बाहेरच राहिली. इथे दमट ऊब आहे, तेलाचा वास आहे आणि पायाखाली न थांबणारी बारीक थरथर. ती वीजनिर्मिती संचांची. डोक्यावर काळा कातळ आणि डोंगरापलीकडे शिवसागराचं, कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी. नवजाजवळ ते डोंगरात शिरतं, पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातून येतं आणि साडेचारशे मीटरांहून जास्त खाली झेपावून पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतं. कोयनेच्या पात्रातच राहिलं असतं तर ते हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेत गेलं असतं. इथून मात्र ते वाशिष्ठीत उतरणार, चिपळूणवरून समुद्राला मिळणार. डोंगर पोखरून माणसांनी पाण्याची दिशाच फिरवली आहे.

रात्रपाळीचा ऑपरेटर तुम्हाला कंट्रोल रूममध्ये स्टूल देतो. “बसा, पण कशाला हात लावू नका हं.” दर तासाला तो लॉगशीट भरतो: मेगावॉट, व्होल्टेज, बेअरिंगचं तापमान, तेलाचा दाब. मधल्या वेळात त्याची नजर पुन्हापुन्हा एकाच मीटरकडे जाते. पन्नास सायकल. मागणी वाढली की तो काटा खाली ओढला जातो, घटली की वर सरकतो. तारेत वीज भरून ठेवता येत नाही. मुंबईत कुणी मोटर चालू केली की त्याच क्षणी कुठल्या तरी संचाला तेवढं जास्त ओढावं लागतं. हे त्या काट्याइतकं स्पष्ट दुसरं काहीच दाखवत नाही. पहाटेची ही वेळ त्यातल्या त्यात निवांत. थोड्या वेळाने घरोघरी दिवे लागतील, सातच्या पाळीला गिरण्यांचे भोंगे होतील, आणि मग एकेक संच लाइनवर घ्यावा लागेल.

राज्याच्या वीज बोर्डाला, म्हणजे एमएसईबीला, अजून आठ वर्षंही झालेली नाहीत. 20 जून 1960 ला, राज्याच्या पाठोपाठच, ते स्थापन झालं. कोयनेचे पहिल्या टप्प्यातले चार संच 1962 पासून एकेक करून सुरू झाले, दुसऱ्या टप्प्यातले गेल्या वर्षीपासून येताहेत. मुंबईच्या कारखान्यांची मोठी मदार या गुहेवर आहे.

चार वाजून एकवीस मिनिटं. आधी आवाज येतो. तुम्हाला वाटतं, संचच फुटला. मग स्टूल तुमच्याखालून सरकतं. पॅनेलवरचे रिले पडतात, ब्रेकर उघडतात, आणि एका क्षणात संचावरचा सगळा भार नाहीसा होतो. ओढायला काही उरलं नाही की चक्र बेफाम पळू लागतं. आता पाणी एकदम तोडून चालत नाही. एवढ्या उंचीचा स्तंभ अचानक अडवला तर त्याचा दणका पोलादी नळालाच फोडेल. म्हणून नोझलपुढची पोलादी ढाल आधी आडवी येते आणि धार चक्रावरून बाजूला वळवते. नोझल मग सावकाश मिटतं, आणि बोगद्यात उसळलेलं पाणी वर सर्ज विहिरीत चढून जिरतं. माणसाचा हात पोचण्याआधी यंत्राने स्वतःला सावरलेलं असतं. अभियांत्रिकीतलं इतकं शहाणपणाचं दृश्य मला दुसरं माहीत नाही.

दिवे जातात. बॅटरीवरचे पिवळे दिवे लागतात. ऑपरेटर फोनचा रिसीव्हर उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो. त्याचं बिऱ्हाड डोंगरापलीकडे आहे की याच बाजूला, हे तुम्ही त्याला विचारत नाही. तो टॉर्च घेऊन संचाकडे जातो: गती उतरली का, ब्रेक लागले का, बेअरिंगला तेल आहे का. पाळी सोडून तो जात नाही. वीज कंपनी म्हटलं की आपल्याला बिल दिसतं, खांब दिसतो, तक्रारीचा नंबर दिसतो. मला विचाराल तर ती मुळात इथे आहे, या टॉर्चच्या उजेडात.

उजाडताना कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला या. इथे मात्र पाय अडखळतात. दगडी भिंतींची घरं जागच्या जागी बसली आहेत, झोपलेल्या माणसांसकट. ढिगाऱ्याखालून अंथरुणाचं टोक दिसतं. पितळी कळशी चेपून सपाट झाली आहे. लोक हातांनी दगड बाजूला करताहेत. या परिसरात सुमारे 180 माणसं गेली. मुंबईत त्याच सकाळी कोयनेची वीज तुटल्यामुळे यंत्रं थांबली, पण ती यंत्रं पुन्हा सुरू होण्याजोगी होती.

धरणाकडे पाहा. 103 मीटर उंच, 807 मीटर लांब, आणि उभं आहे. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भागांत, मागच्या उताराचा कोन जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा गेल्या आहेत. पाणी मात्र त्याने धरून ठेवलं. धरणाच्या आत बसवलेल्या कंपमापकाच्या फिल्मवर उमटलेला त्वरणाचा आकडा पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासला: गुरुत्वाकर्षणाच्या 0.63 पट. आराखड्यात धरलेला होता 0.05. दख्खनचा कातळ अढळ, हीच तेव्हाची समजूत. जलाशय भरू लागल्यापासून जमीन कुरकुरत होती, सप्टेंबरात तर मोठा धक्काही बसून गेला होता. आता हा भूकंप, 6.3 तीव्रतेचा.

धरणाला नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन मजबूत केलं गेलं, आणि ते योग्यच झालं. तरी मला सलतं ते हे, की थोडाथोडका का होईना, भूकंपाचा हिशेब धरणासाठी मांडला होता. ज्यांनी ते बांधलं, राखलं, त्यांची घरं रचलेल्या दगडांची होती. शिवसागराखाली ज्यांची गावं गेली त्यांचं पुनर्वसनाचं भांडणही आज संपलेलं नाही. कोयनेचा अभिमान बाळगायचा तर या दोन्ही गोष्टी त्यात धरूनच बाळगावा लागेल.

आता पुढे चला, वर्षं भराभर जाऊ द्या. 13 मार्च 1999: जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाचा शेवटचा कातळ सुरुंगाने उडवून पाणी चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात घेतलं जातं. त्या टप्प्याचे संच अडीचशे मेगावॉटचे, चार. सगळे टप्पे मिळून कोयना 1,960 मेगावॉटची होते. 6 जून 2005: बोर्डाचं विभाजन. वीज बनवणारी महानिर्मिती, उच्चदाबाच्या तारांवरून नेणारी महापारेषण, तुमच्या मीटरपर्यंत आणणारी महावितरण. गावात लोक आजही ‘एमएसईबीवाले आले’ असंच म्हणतात.

आणि आजची संध्याकाळ. सूर्य उतरला तशी सौर वीज ओसरली, घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर लागले. औष्णिक संचाचा बॉयलर घडीत वरखाली करता येत नाही. कोयनेचा संच मात्र काही मिनिटांत भार उचलतो, म्हणून राज्याचं भार प्रेषण केंद्र अशा वेळी तिच्याकडे वळतं. पण पश्चिमेकडे वळवायचं पाणी मोजून मिळतं: कृष्णा लवादाने ठरवलेलं, वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट). 1 जूनला हिशेब सुरू, 31 मेला बंद. ऑक्टोबरात हात सैल सोडला तर एप्रिलच्या उकाड्यात, ऐन मागणीच्या वेळी, धरणात पाणी दिसत असूनही संच थांबवावे लागतात. म्हणून कंट्रोल रूममधला आजचा ऑपरेटर मेगावॉटच्या शेजारी पाण्याचाही आकडा लिहितो, आणि संच घ्या असा निरोप आला की आधी तो आकडा पाहतो.